कडेवरची बॅटरी

भारनियमनाच्या त्या दिवसांत निमोण्याहून शिरूरला निघालेल्या एसटीत एक बाई चढली. पोराला घ्यावं तशी तिनं कडेवर जीपची जुनी बॅटरी घेतली होती. चार्जिंगला चालली होती.

"मावशी, ॲसिड सांडंल. उतरा," कंडक्टर म्हणाला.

"सांडलं तर माझ्याच लुगड्यावर सांडंल." पदराला आधीचीच भोकं होती.

"एवढं काय अडलंय?"

"टीव्हीवर कोरियाची मालिका हाय. ऐन टायमाला लाइट जाती."

"आपल्या मालिका काय कमी हायत?"

"तिच्यातला गडी बायकूम्होरं रडतो. आपल्यातला असा एक दावा, आत्ता उतरते."

कंडक्टर तिकीट फाडायला लागला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. शेजारी बसलेली माझी बायको मात्र सरकली आणि तिनं त्या बॅटरीला आमच्या दोघांच्या मध्ये जागा करून दिली.