छापील उत्तर

मावशी रागावली की आवाज चढवत नसे. कमरेच्या पिशवीतून बॉलपेन काढायची, टोपण दातात धरायची आणि म्हणायची, "थांब, लिहून ठेवते."

एवढं ऐकलं की भल्याभल्यांची बोबडी वळायची. दुधात पाणी घालणारा, बाजारात सुकट तोलताना वजनात मारणारा, मावशी लस टोचायला आली म्हणून आतून कडी लावून बसलेली बाई, सगळे तिच्या वहीत होते. वही म्हणजे लसीकरणाचं निम्मं कोरं राहिलेलं जुनं रजिस्टर. त्यात तारीख, ठिकाण, माणसाचं नाव आणि समोर त्याचा गुन्हा. तुमच्याही नात्यात अशी एखादी बाई असेल आणि तुम्हीही तिला जरा जपून असाल.

मावशी नर्स होती. जामसरच्या शेतकऱ्याची मुलगी. नोकरी सगळी मोखाडा तालुक्यातल्या पाड्यांवर पायी फिरण्यात गेली आणि निवृत्तीनंतर ती खोडाळ्यालाच राहिली. "नोंद नाय तर काम नाय," असं ती म्हणायची. नोकरीतला हा नियम तिने घरातही लावला होता. आमच्या आईने तिला एकदा शिळी भाजी वाढली होती, त्याचीसुद्धा नोंद होती.

मी तिची भाची. जव्हारला कॉम्प्युटरचा क्लास चालवते. डूख धरण्याचा तिचा गुण माझ्यातही उतरला आहे, हे आधीच कबूल करते. म्हणजे पुढचं वाचताना माझ्याकडून चांगुलपणाची अपेक्षा राहणार नाही.

तर झालं असं. मावशीचे जुने साहेब, म्हणजे तिच्या दवाखान्याचे डॉक्टर, निवृत्त होऊन नाशकात राहत होते. त्यांनी आपल्या आठवणींचं पुस्तक काढलं आणि एक प्रत मावशीला टपालाने पाठवली. पहिल्या पानावर 'सस्नेह' आणि खाली झोकदार सही.

पुस्तकात एका बाळंतपणाचं प्रकरण होतं. भर पावसाळ्यात पूर आलेली नदी डॉक्टर ओलांडतात, पलीकडच्या पाड्यावर अडलेल्या बाईची सुटका करतात, जुळी मुलं सुखरूप जन्मतात. आणि 'कोपऱ्यात एक घाबरलेली परिचारिका रडत बसली होती.'

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण अशी नाही. त्या दिवशी डॉक्टर जव्हारला मीटिंगला होते. नदी मावशीने ओलांडली, पाड्यावरच्या चार पुरुषांनी केलेल्या हातांच्या साखळीच्या मधोमध राहून. पहिलं बाळ नीट आलं. दुसरं पायाळू होतं, ते वाचलं नाही. मग आईला रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा मावशीने दुपारभर मुठीने तिचं पोट दाबून धरलं. ती बाई जगली, पुढे तिला नातवंडं झाली.

पुस्तक वाचून मावशीने पेन काढलं, टोपण दातात धरलं आणि पुन्हा लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने ती जव्हारला माझ्या क्लासवर हजर. हातात नागलीच्या पिठाची पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. मुलाने नवा घेतल्यावर तिला देऊन टाकलेला.

"हे हातानं लिहून भागायचं नाय, बाय. त्यानं छापलंय. मला पण छापायचंय."

"तू सांग, मी टाइप करते. तासाभरात होईल."

"परत दुसऱ्याच्याच हातानं? नाय. मला शिकव."

तिचं वय तेव्हा अडुसष्ट.

तो लॅपटॉप चालू करून भात टाकला तर भात आधी शिजायचा. म्हणून मी त्यावरची जुनी सिस्टिम काढून एक नवी, हलकी, फुकट मिळणारी चढवली. मला वाटलं मावशी खूश होईल. जुन्या सिस्टिमवर तिला एकच वाट माहीत होती: खाली डावीकडे दाबायचं आणि नातवाचे फोटो बघायचे. नव्या सिस्टिमवर तो कोपराच नव्हता.

"माझा कोपरा कुठं गेला?"

"आता सगळं वर आलंय, मावशी."

"मला न इचारता?"

हे बोलताना तिचा हात पिशवीकडे गेला. माझंही नाव वहीत चढणार होतं, ते मी चहा मागवून कसंबसं टाळलं.

मग तिने आपल्या पद्धतीने काम सुरू केलं. नव्या पाड्यावर बदली झाली की नर्सबाई आधी नजरी नकाशा काढतात. घरं कुठे, विहीर कुठे, वाट कुठून जाते, हे सगळं कागदावर हाताने. मावशीने स्क्रीनचा नजरी नकाशा काढला. चौकटीत बारीक घरं, प्रत्येक घराला नंबर. लिहायचा प्रोग्रॅम म्हणजे घर नंबर एक. फोटो घर नंबर दोन. कचरापेटीला तिने 'उकिरडा' लिहिलं आणि फुली मारली, म्हणजे तिकडे जायचं नाही. सेटिंग्जच्या घरासमोर लिहिलं, 'इथं भाचीला विचारून जाणे.' इतकी वर्षं मी हे शिकवते आहे, पण असा कागद कुणी केला नव्हता.

डबल क्लिक तिला पटलं नाही. "सुई एकदाच टोचतात. दोनदा टोचायला लागली तर पहिलीच चुकली म्हणायचं." सेव्ह मात्र लगेच पटलं. ती दर शब्दानंतर सेव्ह करायची. एकदा अपडेट आला आणि वरची चित्रं जराशी सरकली, तर तिने अख्खा नकाशा फाडला आणि नवा काढला.

पासवर्डची गंमत सांगायला हवी. मी म्हटलं, "विसरणार नाहीस असा शब्द सांग." तिने क्षणाचा विचार न करता डॉक्टरांचं आडनाव सांगितलं.

"ह्याला मी मेल्यावर पण इसरायची नाय."

पुस्तक आल्यापासून तोवर ते नाव तिने तोंडाने घेतलं नव्हतं. आता मशीन उघडताना ते टाइप करावं लागे, आणि मध्ये थांबली की स्क्रीन बंद होऊन पुन्हा टाइप करावं लागे. एका बोटाने, एकेक अक्षर ठेचल्यासारखं. स्क्रीन बंद होण्याची वेळ मला वाढवता आली असती. मी नाही वाढवली. मला ते बघायला आवडायचं.

आठवड्यातून तीन दिवस ती यायची. जीपवाला तिला पुढच्या सीटवर बसवायचा, कारण त्याचा जन्म तिच्या हातून झाला होता. हे ती बाकीच्या प्रवाशांना त्याच्यादेखत सविस्तर सांगायची. क्लासवर कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायची, दिवसाला चार-पाच ओळी लिहायची. नदी ओलांडून झाली. पहिलं बाळ झालं. दुसरं झालं. आईचं रक्त थांबलं.

आणि मग लिखाण थांबलं. तीन आठवडे ती येत होती, पासवर्ड ठोकत होती, फाइल उघडत होती, बंद करून जात होती. एकदा ती चहाला उठली तेव्हा मी वाचलं. शेवटची ओळ होती, 'दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात रिपोर्ट द्यायला गेले आणि साहेबांसमोर'. पुढे काही नाही.

ती परत आली तेव्हा मी सरळ विचारलं. दुपारची वेळ, मुलं डबे खायला गेली होती. मावशीने खुर्ची ओढली.

"रडले होते मी."

मी हातातला माऊस बाजूला ठेवला.

"पाड्यावर नाय रडले. तिथं येळ कुठं होता? दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहिताना मृत बालकाच्या रकान्यात एक आकडा घालायचा होता. तो घालताना रडले, त्याच्यासमोर. त्यानं पाणी दिलं, खुर्ची दिली. म्हणाला, सिस्टर, तुम्ही होता म्हणून आई तरी वाचली. तेव्हा चांगला वागला मेला. तुझ्या मावशाला पण मी ते रडणं कधी सांगितलं नाय. त्या एकट्याला ठाऊक होतं."

मला आधी राग आला आणि मग रडूच आलं. त्याने नदी चोरली, बाळंतपण चोरलं, हे मी समजू शकत होते, पण तिने विश्वासाने त्याच्यापुढे काढलेलं रडं त्याने उचलून पाड्यावर नेऊन ठेवलं होतं, आणि मेलेलं मूल कागदावर जिवंत केलं होतं.

"तेवढं वाक्य गाळ," मी म्हटलं. "कुणाला कळतंय? तू रडलीच नाहीस, असं लिही. तोंडघशी पडू दे त्याला."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उकिरड्यात हात घातला होता.

"खोटं लिहायला तो हाय की. मी नोंद करते."

आणि तिने तिथल्या तिथे लिहिलं. 'साहेबांसमोर मी रडले. तेव्हा काम झालेलं होतं. साहेब पाड्यावर आले नव्हते. दुसरं मूल मुलगी होती, ती माझ्या हातात गेली.' सेव्ह केलं. पुन्हा सेव्ह केलं.

पुढच्याच महिन्यात पुस्तकाच्या निमित्ताने जव्हारला डॉक्टरांचा सत्कार ठरला. आदल्या दिवशी आम्ही क्लासवर साठ प्रती काढल्या. दोनच पानं, पाठपोट. वर मावशीचं पूर्ण नाव आणि हुद्दा, पहिल्याच ओळीत डॉक्टरांचं पूर्ण नाव. प्रिंटरमधून निघालेला पहिला कागद तिने गालाला लावला. "गरम हाय," म्हणाली.

सभागृहाच्या दारात ती इस्त्रीची पांढरी साडी नेसून उभी राहिली. पोलिओच्या दिवशी एकही मूल सुटू नये तशी एकेकाला गाठून पानं देत होती. कडेवरच्या मुलाच्या आईलासुद्धा दिली. डॉक्टर आले, हार घातलेला, त्यांनी तिला ओळखलं आणि हात जोडले.

"सर, दोनच पानं हायेत. इथंच वाचा."

त्यांनी चष्मा लावला. मागे माणसं खोळंबली होती, आणि त्यांच्याही हातात तेच कागद होते. मी शेजारीच उभी होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरताना मी डोळे भरून पाहिला, उगाच कशाला खोटं बोलू.

"सिस्टर, इतक्या वर्षांनी लिहिताना थोडं इकडेतिकडे होतं."

"मूल इकडेतिकडे झालं नव्हतं, सर. गेलं होतं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. हळूच म्हणाले, "मी तुमची माफी मागतो."

"माफी नको. दुसरी आवृत्ती काढा."

त्यांनी मान हलवली, शब्द दिला. मी तिला खोडाळ्याला सोडायला गेले, तेव्हा जीपमध्ये मावशी दोन्ही हात मांडीवर टाकून स्वस्थ बसली होती. मी विचारलं, आता पासवर्ड बदलूया का? "कशाला?" म्हणाली. "आवृत्ती येऊ दे."

ती दोन वर्षं वाट पाहत राहिली. खोडाळ्याच्या टपालवाल्याला रोज विचारायची. आवृत्ती आली नाही. मावशी गेल्या थंडीत गेली, तीही वाट पाहतच. पुस्तकाची पहिली आवृत्ती अजून विकली जाते आणि त्यात ती अजून कोपऱ्यात बसून रडते.

पण क्लास माझा आहे. मराठी टायपिंगच्या सरावाला कोणता उतारा द्यायचा, हे मी ठरवते. जव्हार-मोखाड्याची जेवढी मुलं-मुली माझ्याकडे येतात, तेवढी मावशीची दोन पानं टाइप करतात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्यात दोन नावं आहेत. डॉक्टरांचं नाव चुकलं तर मी तेवढाच शब्द सुधारून घेते. मावशीचं नाव चुकलं तर दोन्ही पानं पुन्हा.