हेराने काय आणावे

बाई गेल्याचा फोन अकोल्याहून आला तेव्हा मी अमरावतीला निबंध तपासत होतो. हातातला निबंध पूर्ण तपासला. अर्धवट काम बाईंना खपले नसते.

अकोल्याच्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली मराठी शिकवू लागलो, तेव्हा माझी नेमणूक कायम व्हायची होती. संस्थेच्या सचिवांनी मला एक वही दिली. बाई व्यवस्थापनाविरुद्ध काय बोलतात ते टिपायचे आणि दर शनिवारी दाखवायचे. मी टिपू लागलो... हे कबूल केल्याशिवाय त्यांच्याविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही.

बाईंनी ते ओळखले. नववीच्या तासाला मी मागच्या बाकावर बसलो असताना त्यांनी फळ्यावर ‘हेर’ लिहिले. शब्दाच्या अर्थाआधी त्याचे काम विचारायचे, ही त्यांची रीत. ‘लपून पाहणारा,’ मुले म्हणाली. ‘हे अर्धं उत्तर,’ बाई म्हणाल्या. जुन्या बखरींतला हेर परमुलखात जातो, जीव धोक्यात घालतो आणि राजाला न रुचणारी बातमीही जशीच्या तशी सांगतो. धन्याला गोड लागेल तेवढेच आणणारा तो चुगलखोर. त्याला हेराचा मान नाही.

मधल्या सुट्टीत त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

“लिहून राहिले ना, सर? मंग पुरं लिहा. पोरींच्या संडासाले दार नाही. तीन अर्ज देले, उत्तर नाही. लिहा.”

“बाई, मी...”

“कावून थांबले? अक्षर तं चांगलं हाये तुमचं! खाली सही माही.”

शनिवारी सचिवांनी ते पान वाचले. “तुमाले काय सांगतलं होतं, अन् हे काय आणून राहिले?”

“बातमी,” मी म्हणालो. शब्द बरोबर होता. त्यांनी पान वहीतून फाडून माझ्यापुढे फेकले, वही ठेवून घेतली. मी पान उचलले.

महिन्याभरात दार बसले. बाईंची बदली संस्थेच्या शेंदूरजनाघाटच्या शाळेत झाली, माझी नेमणूक वर्षभर अडली. बाईंनी चौथा अर्ज तिथून पाठवला, दाराला आतून कडी नाही म्हणून.

गेल्या आठवड्यात शोकसभेत संस्थेचा ठराव वाचला गेला: ‘बाईंनी कधीही तक्रार केली नाही.’ मी उभा राहिलो. हे वाक्य खोटे आहे, असे सांगून ते पान मोठ्याने वाचले.

“सर, आज कशाले?” शेजारचे कुजबुजले.

आजच. वाक्य खोडले जाईपर्यंत मी खाली बसलो नाही.

परवा माझ्या नववीच्या वर्गात फळ्यावर ‘हेर’ लिहिले आणि ते पान फिरवले. एका मुलीने बाईंची निळ्या शाईतली सही पाहिली. “सर, खाली नावच लिवलं. मंग काय लपवलं यांनी?”

“काहीच नाही,” मी म्हणालो, “पान मागच्या बाकावर दे.”