पहिलं वाक्य आईचं

नाना गेले. माझं लिखाण भिकार आहे, हे तोंडावर सांगणारं आता कुणी उरलं नाही.

मागच्या महिन्यातच त्यांचा फोन आला होता. "लेख चांगला झालाय. पहिली दोन पानं सोडली तर."

मी चिडले. मग ती दोन पानं काढली. लेख खरंच चांगला झाला.

नाना म्हणजे नगरच्या एका छोट्या साप्ताहिकाचे संपादक. माझे पहिले बॉस.

बहात्तरचा दुष्काळ. मी मॅट्रिक होऊन नगरला मावशीकडे राहत होते, नोकरी शोधत. आई तिकडे पाथर्डीच्या बाजूला दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तिचा निरोप आलेला, "नोकरी मिळत नसंल तर ये माघारी. कामावर नाव लावू."

नाना म्हणाले, "तुमच्या भागातली एक बातमी आण. जमली तर नोकरी. नाही जमली तर नाही."

एसटीने गेले, कामावर फिरले, परत आले आणि झोकात लिहिलं :

'परिसरात पाण्याची भीषण टंचाई असून महिलावर्गाचे अतोनात हाल होत आहेत, असे एका महिलेने सांगितले.'

स्वतःवरच जाम खूश होते मी.

नानांनी वाचलं. "ही बाई कलेक्टर आहे का?"

"नाही. खडी फोडते."

"मग अशी कशी बोलली?"

"अहो, पेपरात असंच लिहितात."

"माहितीये. म्हणून तर कुणी वाचत नाही. ती काय बोलली ते सांग."

मी तोंडाची फटकळ. रागाच्या भरात जसंच्या तसं म्हणून दाखवलं, "पानी हाय की आडात. पर दिसभर खडी फोडल्यावर शेंदायला हातात बळ ऱ्हात न्हाई."

नानांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे पाणी आहे?"

"आहे. खोल गेलंय."

"मग तुझी बातमी खोटी की गं. ही वाचून टँकर येईल, त्याच आडात पाणी ओतून जाईल. बाया दोर ओढतच बसतील. ती बोलली तेच लिही. पहिलं वाक्य तिचं, तुझं नंतर."

"गावंढळ दिसेल, नाना."

"कुणाला?"

रडू यायला लागलं. म्हटलं, "ती माझी आई आहे."

वाटलं, आता तरी विरघळतील.

"मग तर सोपंय. तिचं बोलणं कानात बसलेलं असणार तुझ्या. लिही."

सगळी दुपार ऑफिसातल्या स्टुलावर बसवलं मला. विशेषण दिसलं की विचारायचे, "हे कुठे पाहिलंस?"

'भीषण' गेलं. 'अतोनात' गेलं. दोराने सोलवटलेले तळहात मी पाहिले होते, ते राहिले.

अंक निघाला. तो घेऊन कामावर गेले. जेवणाच्या सुट्टीत मुकादमाने मोठ्याने वाचला. आई हातातला घास हातातच धरून ऐकत होती.

"आगं, ह्ये तर म्या म्हनलं हुतं. आसंच छापलं?"

"व्हय."

तिने घास परत भाकरीवर ठेवला. मग शेजारच्या बायांना म्हणाली, "ते माझं हाय."

आणि मला म्हणाली, "तू नगरलाच ऱ्हा. हितं काय न्हाई तुझं काम."

तेव्हापासून लिहितेच आहे. पोट भरलं, चार लोक ओळखायला लागले, ते सगळं नानांमुळे. त्यांना हे कधी धड सांगता आलं नाही. मी जरा भावुक झाले की म्हणायचे, "मुद्द्यावर ये."

मुद्दा एवढाच आहे, नाना. माझी आई जशी बोलायची, तसं तुम्ही मला लिहू दिलंत.

लई उपकार झाले. आता सावकाश जावा.