कुंदाला गाडीचं ऐकू यायचं

कुंदा गेली त्याला आता दीड महिना होईल. माझी बायको. बत्तीस वर्षांचा संसार. त्या संध्याकाळी चिखलीच्या एका दवाखान्याच्या पायरीवर बसून मी पुण्याला मुलीला फोन लावला आणि नुसता "गाडी... गाडी" करत राहिलो. "बाबा, आईकडे द्या बरं फोन," मुलगी म्हणाली. तिला वाटलं, गाडी कुठंतरी बंद पडली असेल आणि मी गोंधळलो असेन. असं झालं की फोन आईकडेच जायचा. "आई नाही आता," मी म्हणालो... मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे कुठं गेली?" या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते मला आजही आठवत नाही.

नंतरचे तेरा दिवस आमच्या उंद्रीच्या घरी माणसं येत राहिली. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलं. पण माणसं बोलत होती ती कुंदाच्या गाडीबद्दल. कुणाच्या सुनेला बाळंतपणासाठी तिनं नेलं होतं, कुणाच्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकून बेअरिंग गेल्याचं सांगितलं होतं. मी ऐकत होतो. आपल्या माणसाबद्दल आपल्यालाच काही नवीन कळावं आणि ते सांगायला घरात जावं तर ते माणूस नाही, असं दिवसातून चार-पाच वेळा व्हायचं.

तिचं माहेर साखरखेर्ड्याचं. वडील विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. शाळेतून आली की ती दुकानातच दप्तर टाकून बसायची. शेतातलं इंजिन लांबून ऐकून कुणाचं डिझेल संपत आलंय, कुणाचा पट्टा सटकतोय, हे ती दहाव्या वर्षी सांगायची म्हणे. आणि लग्न झालं ते माझ्याशी, ज्याला सायकलची चेन बसवता येत नसे. पहिल्याच वर्षी आमच्या विहिरीवरचं इंजिन बंद पडलं आणि मी मेकॅनिक शोधायला निघालो, तर ही पदर खोचून खाली बसली. माझी आई ओट्यावरून बघत होती. इंजिन धडधडलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "मास्तर, तुमी पोरं शिकवा. इंजिन तिले पाहू द्या."

आठ एकर कापूस. बीटीचं बियाणं आलं तेव्हाची पहिली काही वर्षं झाडं बोंडांनी वाकायची. गावात मोटारसायकली आल्या, सिमेंटची घरं उठली. आमची गाडी जरा उशिरा आली, मुलगी कॉलेजला गेली तेव्हा, आणि तीही दुसऱ्याची वापरलेली. उंच, पाच जणांची, ना धड कार ना धड जीप. विकणारा तिला क्रॉसओव्हर म्हणाला. गाव जीपच म्हणायचं. कुंदा नुसतं "गाडी" म्हणायची, पण घरातल्या माणसाबद्दल बोलावं तशी. "आज तिचा आवाज बसल्यासारखा आहे." "तिले उतारावर उगाच ब्रेक लावू नका, इंजिनाले सांभाळू द्या."

रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडायचं हा तिचा नेम. जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन ऑइलची पट्टी पुसायची, पुन्हा बुडवायची, उन्हाकडे धरून बघायची. पाणी, ब्रेकचं ऑइल, चारही टायर. वेचणीच्या दिवसांत आणखी एक काम असे. जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या ट्रकमागून आमची गाडी आली की उडालेली रुई समोरच्या जाळीत जाऊन बसे. एकदा गाडी सारखी तापायला लागली, तेव्हा चिखलीचे आमचे मेकॅनिक सलीमभाई पाण्याचा पंप बदलायचं म्हणत होते. मूळचे देऊळघाटचे, हात अतिशय चांगला. कुंदा म्हणाली, "भाई, आधी रेडिएटर खोलून पाहा ना." खोललं, तर एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधे रुईची गोधडीच निघाली. सलीमभाई कपाळावर हात मारून म्हणाले, "भाभी, उद्यापासून दुकानात तुमीच बसा. मी घरी रोट्या लाटतो." त्या दिवशी परत येताना ती अमडापूरपर्यंत एकटीच हसत होती.

मग ते साल आलं, ज्या साली बीटीच्या बोंडांतूनही गुलाबी अळी निघाली. बाहेरून बोंड हिरवंगार आणि फोडलं की आत सगळं खाल्लेलं. माणसं हबकून गेली. कापूस डोक्याच्या वर गेलेला, त्यात शिरून माणसं पंप खांद्यावर घेऊन फवारत राहिली, दोन-दोन औषधं एकत्र करून. आमचा शेजारी गजानन स्वतःचं शेत फवारून दुसऱ्याचंही फवारायला जायचा. एका दुपारी त्याची बायको सुनीता धावत आली. "काकू, याले काही दिसून नाही राह्यलं... तोंडातून फेस येऊन राह्यला."

कुंदानं आधी त्याचे औषधानं भिजलेले कपडे काढायला लावले, साबणानं अंग धुवायला लावलं, आणि मग गाडी काढली. सुनीता मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. अमडापूर मागे पडलं आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला. कुंदानं एसी बंद करून हिटर पुरता सुरू केला. "काचा खाली करा सगळ्या," ती म्हणाली. "इंजिनाची गरमी आपल्या अंगावर येऊ द्या. तिले तेवढाच आराम." भट्टीसारखी हवा तोंडावर येत होती. काटा थांबला, पण खाली येईना. तिनं एका लिंबाखाली गाडी घेतली, बॉनेट उघडून क्षणभर कान दिला. "पंखा फिरून नाई राह्यला." मग फ्यूजच्या डब्यातून एक छोटी काळी डबी उपटली आणि दुसरीच्या जागी बसवली. पंखा घुर्र करून फिरू लागला. "हॉर्नची लावली पंख्याले," ती गाडीत बसत म्हणाली. "आता हॉर्न वाजणार नाई. हॉर्न तुमी व्हा."

आणि मी झालो. चिखलीच्या बाजारातून अर्धा खिडकीबाहेर येऊन, दार बडवत, "सरका, सरका" असं ओरडत गेलो. माझे विद्यार्थी बघत होते. गजानन आठ दिवसांनी चालत घरी आला. आल्या आल्या कुंदानं त्याला असं काही झाडलं की सुनीताला मधे पडावं लागलं. "औषध बोंडाले मारायचं का सोताले मारायचं, बे?" एवढं बोलून ती आत गेली. मी गेलो तर भिंतीकडे तोंड करून रडत होती.

हे सगळं मी लिहितोय, कारण पुढचं लिहायला हात होत नाही.

कुंदा गेली त्या आठवड्यात रविवारी तिनं बॉनेट उघडलं आणि मला हाक मारली. "बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं धरलं आहे. तेवढं गरम पाण्यानं धुऊन, घट्ट करून देता का? माझा हात दुखून राह्यला." मी हो म्हणालो आणि पेपर वाचत बसलो. इतक्या वर्षांत गाडीचं काम तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. तिनं ते मला का सांगितलं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला वाटलं, कापूस वेचून हात भरून आला असेल... डावा हात होता तो.

बुधवारी चारच्या सुमाराला ती स्वयंपाकघरात खाली बसली. घामानं ओली झाली होती, जबडा दाबून धरला होता. रुग्णवाहिकेला फोन केला, ती लांबच्या गावाला गेलेली होती. गजाननला हाक मारली. त्यानं तिला उचलून मागच्या सीटवर ठेवलं, डोकं धरून बसला. मी चावी फिरवली. कट्... कट्... कट्. दुसरं काहीच नाही. "धक्का मारू का, काका?" गजानन ओरडला. मागून तिचा आवाज आला, दमलेला, पण अगदी शांत. "धक्का नको. टर्मिनल पाहा... दहा नंबरचा पाना... माझ्या सीटखाली."

मला पाना सापडला. बॉनेटची कडी सापडेना. तीही तिनंच सांगितली. मी तांबडी वायर धरली तशी ती म्हणाली, "आधी काळी." मला ती दिसत नव्हती, बॉनेट मधे होतं. तिलाही मी दिसत नव्हतो. पान्याच्या आवाजावरून तिला कळत असेल... कोण जाणे. तिच्या एका एका शब्दाच्या मधे श्वास लागत होता. "घासा... आता बसवा... हलवून पाहा. हलते का?" नाही हलत, मी म्हणालो. "मग लावा चावी."

गाडी सुरू झाली. दहा मिनिटं गेली होती, कदाचित बारा.

रस्त्यात मी तिच्याशी बोलत राहिलो, काय ते माहीत नाही. अमडापूरच्या पुढे ती म्हणाली, "चौथा टाका... ओरडून राह्यली ती." मी चौथा गिअर टाकला. त्यानंतर ती बोलली नाही. चिखली दिसायला लागल्यावर गजानन मागून म्हणाला, "काका, आता हळू चालवलं तरी चालन." मी हळू चालवली नाही.

डॉक्टरांना मी ती दहा मिनिटं सांगितली. ते म्हणाले, "मास्तर, त्यानं फरक पडला असता की नाही, हे मी सांगू शकत नाही." भला माणूस. खोटं बोलला असता तरी चाललं असतं. मुलीलाही मी सांगितलं. ती म्हणाली, "आईनं तुम्हाला रागावलं असतं. पण गाडी सुरू केलीत म्हणून घरभर सांगितलंही असतं." तिनं मला माफ केलं की नाही, हे मी विचारलेलं नाही.

महिनाभर गाडी अंगणात उभी होती. मागच्या आठवड्यात ती कशीबशी सलीमभाईंकडे नेली. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि स्वतःच सगळं काम केलं. शेवटी डॅशबोर्डचा डाव्या बाजूचा कप्पा काढून एसीच्या हवेची जाळी साफ करायला घेतली आणि थांबले. "मास्तर, हे काय आहे?" जाळीच्या पुढे, हवेच्या वाटेवर, तारेनं बांधलेली एक चिमुकली पुरचुंडी होती. निळ्या लुगड्याच्या तुकड्याची, हातशिलाईची. आत कापूर आणि कडुलिंबाचा पाला. घरात कापूस भरला की उंदीर गाडीत शिरतात, त्यासाठी असणार. हा वास मी कितीतरी वर्षं घेत आलो होतो. मला वाटायचं, गाडीचाच तो वास.

"जुनी झाली. काढून टाकू?" सलीमभाईंनी विचारलं.

"नका," मी म्हणालो. "होती तशी बांधा."

त्यांनी तार पुन्हा पिळली, माझ्याकडे न बघता. मग मी निघालो. ऊन मी म्हणत होतं, पण उंद्री येईपर्यंत एकही काच खाली केली नाही.