साडूंची तेलाची बुधली

कुरकुरणाऱ्या वस्तूला या पृथ्वीवर राहण्याचा हक्कच नाही असे मानणारा माणूस अख्ख्या जिंतूर तालुक्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझा साडू व्हावा, हे माझे नशीब. साडूंच्या सदऱ्याच्या खिशात करडईच्या तेलाची बुधली कायम असते. कुणाकडे गेले की चहा येईपर्यंत त्या घराच्या बिजागऱ्या, झोपाळ्याच्या कड्या आणि शिलाई मशीन उरकलेले असते. एकदा चारठाण्याला जाताना एसटीचे दार करकरले, तर कंडक्टरला थांबवून त्यांनी त्या दारालाही तेल पाजले. उतरणाऱ्या प्रत्येकाचा हात बरबटला आणि शिव्या मात्र शेजारी उभ्या असलेल्या मी खाल्ल्या. मोटारसायकल घरी आली की ते ती डबल स्टँडवर चढवतात. जेवढे कमी फिरेल तेवढे बेअरिंग जास्त टिकते, हे त्यांचे तत्त्वज्ञान.

अशा माणसाच्या बायकोचा, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचा, गुडघा वाजू लागला. अक्काच्या पायाला जन्मजात भिंगरी. साडूंनी आधी गुडघ्यावर तेल जिरवून पाहिले. गुडघा ऐकेना, तेव्हा त्यांनी तिलाही डबल स्टँडवर लावले, म्हणजे बाजेवर बसवून खाली उतरायची बंदी केली. स्वतः पाणी भरले, भाकरी थापल्या (ते नकाशे मी खाल्ले आहेत), एकदा तिची वेणीसुद्धा घालून पाहिली. इतकी माया करूनही गुडघा आखडतच गेला, आणि एके दिवशी अक्काला उंबरा ओलांडता येईना. ती रडली, तेव्हा साडूंचे धाबे दणाणले. मला सोबत घेऊन ते तिला जिंतूरला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाईंनी शांतपणे समजावले, "काका, बाहेरचं तेल आत जात नाही. हाडाच्या टोकावर कूर्चा असते, ओल्या स्पंजासारखी. पाऊल टाकलं की तिच्यातलं पाणीच भार पेलतं, वर बुळबुळीत थर असतो म्हणून घासत नाही. पाऊल उचललं की ती परत पाणी पिते. चालणं बंद, तर पिणंही बंद."

साडूंनी खिशातली बुधली काढून बघितली. मग म्हणाले, "म्हंजी लय जपून मीच वाळविली म्हणा की हिला." मला त्यांच्याकडे बघवेना.

तेव्हापासून दोघे रोज सकाळी मळ्यापर्यंत चालत जातात. जन्मभर बायकोच्या पुढे झपाझपा चालणारा हा गृहस्थ आता तिच्या पावलाने चालतो. हळूहळू अक्का घरातही हिंडूफिरू लागली. वयाने दोघेही थकत चालले आहेत, हे मात्र दिसते.

परवा मी गेलो, तर अक्काच्या खोलीचे दार चक्क कुरकुरत होते. साडूंच्या घरात. मी थट्टेने त्यांच्या खिशातली बुधली काढली आणि उठलो, तर त्यांनी माझे मनगट धरले.

"ऱ्हाऊ द्या, पाहुणे. ते वाजलं की कळतंय मला, ती उठून चालायलीय म्हणून."

मी बुधली त्यांच्या खिशात परत ठेवली, आणि आम्ही दोघे दार पुन्हा वाजायची वाट बघत बसलो.