उंदीर सांभाळणारे काका

आमच्या चारकोपच्या बिल्डिंगमधले तळमजल्यावरचे काका एका प्रयोगशाळेत उंदीर सांभाळतात. बाळांचं नवं बिस्किट असो, गुरांची लस असो की माणसांची गोळी, आधी त्यांच्या उंदरांना. घरी आले तरी काकांची नजर तीच.

माझी डायबेटिसची नवी गोळी सुरू झाली आणि ते रोज जिन्यात अडवायला लागले. "भूक लागता ना रे? पाणी किती पितंस?" बोलताना बघायचे माझ्या केसांकडे. उंदीर आजारी पडला की आधी त्याचे केस विस्कटतात म्हणे. मी वैतागायचो, "काका, मी काय पिंजऱ्यात आहे का?" ते हसायचे नाहीत.

एकदा मीच विचारलं, "एखादा उंदीर जगणार नाही असं कळलं, की काय करता?"

"मग त्याचा वजन करूचा नाय, टोचूचा नाय. नुसतो हात फिरवतंय."

हल्ली माझी पॅन्ट सैल होते. काल जिन्यात काका दिसले, तसा मी आपणहून थांबलो. त्यांनी फक्त माझ्या केसांकडे बघितलं.

"काका, आज भूक नाही विचारली?"

ते जवळ आले आणि माझ्या पाठीवरून हळूहळू हात फिरवत राहिले.