राखेतली नागली

मिहिका आणि आदित, पोशेरे गावात माझी एक मैत्रीण होती. नागलीचा दाणा हाती आला की ती तो आधी पुढच्या दातांत धरायची, कट्‌कन फोडायची आणि मान तिरकी करून आवाज ऐकायची. "दाणा बोलला पाहिजे," म्हणायची. नागली म्हणजे आपली नाचणी, मोहरीएवढी. एवढ्याशा दाण्याचा आवाज मला कधीच आला नाही. तिला यायचा.

तिच्याबद्दल आत्ताच लिहिते आहे, कारण दिवाळीनंतर तिच्या लेकीचा फोन आला, आई गेली म्हणून. आणि माझ्या ज्या गोष्टी तुम्ही ऐकल्या आहेत त्या सगळ्यांत मीच शहाणी असते. एक तरी गोष्ट निराळी असावी.

निवृत्तीनंतर मी महिन्यातून एकदा ठाण्याहून मोखाड्याकडे जात असे. पहाटे निघायचं, जव्हारला चहा घ्यायचा आणि पुढे पोशेऱ्याला शाळेच्या पडवीत चष्म्यांचं शिबिर. डॉक्टर डोळे तपासत, मी नोंदी ठेवी, संध्याकाळी परत. पहिल्याच खेपेला रांग मोडली तेव्हा ही कुणी न सांगता उठली. लुगडं गुडघ्यापर्यंत, आवाज खणखणीत. "ए, मागं सर! डोळं काय तुला एकट्यालाच हायत?" रांग सरळ झाली. पुढे ती रांग तिचीच झाली.

मी तिला "आजी" म्हणाले, तर कमरेवर हात ठेवून तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आन तू काय कवळी हायस?" त्यानंतर मी तिला काहीच म्हणत नसे. ती मला बाय म्हणायची.

स्वतःला चष्मा मात्र नको होता. "मला दिसतं तेवढं पुरं." शेवटी एकदा नागली पाखडत बसली असताना मीच तिच्या नाकावर चष्मा चढवला. तिनं सुपात पाहिलं आणि पाहतच राहिली. "अगं बाय, यात तं खडंच खडं!" मग बाजूच्या बायकांकडे वळून म्हणाली, "म्हातारा रोज भाकरीवर ओरडायचा. मी म्हणायची, तुझंच दात खोटं."

एका वैशाखात शिबिर लवकर आटोपून आम्ही दुपारीच परत निघताना ती दुधीचा एक वाळका तुंबा छातीशी धरून गाडीपाशी आली. तुंब्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. "साखरशेतला माझी लेक दिलीय. तुमच्या वाटेवरच हाय. तिच्या हातात दे. लाल नागली हाय, उशिराची. माझ्या आयेनं दिलेली. लेकीचं बी उंदरांनी खाल्लं, आन माझ्यानं आता वरच्या शेतावर चढवत नाय. पोरगा दुकानचं बी पेरतो. सगळं घातलंय त्यात, घरात दाणा ठेवला नाय."

मी तुंबा मांडीवर घेतला. वाटेत गाडी आपटली, फडकं सुटलं आणि माझ्या साडीवर राख सांडली. आत पाहिलं तर दाण्यांत राखच राख. मला वाटलं, चुलीपाशी ठेवून ठेवून बी मळलं. लेकीला असं कसं द्यायचं?

शिरपामाळला डबे खायला थांबलो. डॉक्टर झाडाखाली आडवे झाले. तुमच्या आजीनं तिथल्या एका मुलीची ओढणी मागून घेतली, तिच्यातून नागली चाळली, प्यायच्या पाण्याच्या बाटल्या ओतून तीनदा धुतली आणि स्वच्छ चादरीवर उन्हात पसरली. दीड तासात वाळली. लालबुंद, चकचकीत. मग ती नव्या स्टीलच्या डब्यात भरली. मला फार समाधान वाटलं होतं, हे लपवत नाही.

साखरशेतला लेकीनं डबा उघडला. बोटं आत घातली आणि हात तसाच राहिला.

"राख कुठं गेली, बाई?"

"धुतली," मी म्हणाले.

ती डबा घेऊन ओट्यावर बसली. मग तिनंच समजावलं. राखेनं किडा लागत नाही, ओल धरत नाही. बी पेरणीपर्यंत कोरडं राहायला हवं. मी ते भिजवलं होतं, वर वैशाखाच्या उन्हात तापवलं होतं. आणि घरात दाणा ठेवला नाही, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

लेकीनं शेजाऱ्याच्या फोनवरून आईला गाठलं. मी ऐकत उभी. पलीकडून तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच, "रडू नको. चिमूटभर ओल्या फडक्यात बांध. तिसऱ्या दिवशी सोड, मोड आलं का बघ. बाईला जाऊ दे, तिला लांब जायचंय."

ते तीन दिवस मी घरातली सगळी कपाटं लावली. काय कुठे ठेवलं ते नंतर सापडेना. तिसऱ्या दिवशी फोन आला नाही. करायचा मला धीर झाला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आला. तिचाच.

"बाय, उगलं! पांढरं मोड आलं. लेकीनं फडकं सावलीत ठेवलं, म्हणून येक दिस उशीर." मी खुर्चीत बसले तेव्हा कळलं की इतका वेळ मी उभी होते. तिकडे ती हसायला लागली. "तुमच्याकडं ठाण्याला बियाला पन आंघोळ घालतात? साबण लावला व्हता काय?"

पुढच्या खेपेला रांगेतल्या प्रत्येकाला तिनं माझी ओळख करून दिली, "हीच ती, बियाला न्हाऊ घालणारी." सगळे हसले, मीही हसले. दुपारी मला घरी नेऊन तिनं चुलीतली गार राख माझ्या तळहातावर घातली आणि आपल्या बोटांनी माझी बोटं त्यात चोळली. "बघ. कोरडी. मऊ. हिला मळ म्हणत नाय." एवढंच बोलली. त्या दिवसाचा राग, असलाच तर, मला कधी दिसला नाही.

लेकीच्या त्या फोननंतर मी एकदा जाऊन आले. पोशेऱ्याला रांग मोडली, आणि कुणी उठलं नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मीच उठले. पण माझ्या आवाजाला कोण विचारतो.

परतताना साखरशेतला उतरले. लेकीनं नागली कापून, झोडून ठेवली होती. पुढच्या वर्षाचं बी राखेत कालवलं आहे. थोडं नणंदेला दिलं, थोडं शेजारणीला. ते आता तीन घरांत आहे.